ओल्या बर्फाचं मेण

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. विसरलो होतो असं नाही. कोणी माझ्या कामाचा विषय काढला की मी त्यातला गमतीचा भाग सांगायचो, आणि तो खरंच गमतीचा आहे. नागपूरच्या उन्हात वाढलेला माणूस अमेरिकेत येऊन बर्फावरच्या स्कींना लावायचं मेण बनवतो, आणि स्वतःला स्कीवर धड उभंही राहता येत नाही. लोक हसायचे. मग कोणीतरी जेवायला वाढायचं आणि विषय बदलायचा. मलाही तेच हवं असायचं.

आता माझं वय झालं आहे. आमच्या जुन्या कारखान्याचा कारभार मालकांची मुलगी बघते. तिने मागच्या हिवाळ्यात फोन केला: कंपनीच्या वेबसाइटसाठी आपल्या ओल्या बर्फाच्या मेणाची जन्मकथा हवी आहे, तुम्ही ते शोधलंत, तुम्हीच चार ओळी द्या. मी हो म्हणालो. चार ओळी लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत खोटं आलं. ते मेण मी शोधलेलं नाही. कोणी शोधलं आणि ते माझं कसं झालं, एवढंच इथे लिहायचं आहे.

आमचा कारखाना छोटा. नेपरव्हिल या गावातल्या आमच्या घरापासून गाडीने पाऊण तास. तिथे सगळी घट्ट वंगणं बनायची: लाकडी खण सरकावेत म्हणून लावायच्या कांड्या, करवतीच्या पात्यावर घासायचं वंगण, आणि स्कीचं मेण. मोठ्या केटलमध्ये मेण वितळवायचं, त्यात ज्याचे त्याचे पदार्थ घालायचे, साच्यात ओतायचं, गार झालं की वड्या काढून कागदात गुंडाळायच्या. घरी आलो की बायको दारातच म्हणायची, "आला माझा मेणबत्तीवाला. आधी आंघोळ." 

स्कीचा तळ काळ्या प्लास्टिकचा असतो. त्यावर इस्त्री टेकवून मेण वितळवतात, मुरू देतात, गार झालं की खरवडून काढतात. तळात जिरतं तेवढंच कामाचं. बर्फ कोरडा असेल तर मेण कडक लागतं, नाहीतर बर्फाचे टोकदार कण त्यात रुततात. बर्फ ओला असेल तर अडचण वेगळी. धुतलेली ताटं एकावर एक ठेवली की मधल्या पाण्याने चिकटून बसतात, तशी स्की ओल्या बर्फाला चिकटते. त्यावर साऱ्या धंद्याकडे एकच औषध होतं: फ्लोरीनचं मेण, आमच्या भाषेत फ्लोरो. त्यावरून पाणी अळवाच्या पानावरून पळावं तसं पळायचं. आमच्याकडचं फ्लोरोचं मिश्रण माझं होतं. शर्यतीवाले ते मागून न्यायचे, आणि मालक पाहुण्यांना माझी ओळख करून देताना ते सांगायचे.

जिच्याबद्दल हे लिहितो आहे ती मुलगी आली ती आमच्या विहारातून. विहार म्हणजे तेव्हा एका डॉक्टरांच्या घराचं बेसमेंट. रविवारी वंदना व्हायची आणि मग पोहे. ती नागपूरचीच, आई शाळेत शिक्षिका, इथे रसायनशास्त्रात मास्टर्स संपत आलेलं आणि नोकरी मिळत नव्हती. समाजातून कोणी मागून येत असेल तर त्याला हात द्यायचा, हे आमच्यात कोणाला शिकवावं लागत नाही. मलाही असाच कोणीतरी दिला होता. मी मालकांशी बोललो आणि ती माझ्या हाताखाली लागली.

पहिल्याच दिवशी केटलच्या आवाजात ऐकू यावं म्हणून तिने मोठ्याने हाक मारली, "काका, हे किती गरम करायचं?" दुसऱ्या दिवसापासून केटलवरचा पोलिश माणूस मला मिस्टर काका म्हणू लागला. महिन्याभरात अख्खा कारखाना म्हणू लागला. मी तिला म्हटलं, "अगं, इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. तूही मार."

"तुम्हाला? नावाने?" ती म्हणाली. "आई नागपूरहून येऊन मारेल मला."

मी हसलो. मलाही काकाच आवडत होतं.

आम्ही एका गाडीने जायचो. गाडीत ती अखंड बोलायची, नागपूरचं उकरून काढायची, माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवायची. "काका, तो सायकलवाला गेला पुढे. लाज वाटू द्या जरा." पण केटलपाशी गप्प असायची आणि बघत असायची. फ्लोरोची पावडर इस्त्रीखाली गेली की धूर निघतो. आम्ही तो गिळत होतो. एक दिवस गाडीत ती म्हणाली, "काका, हा धूर काय करतो ते वाचलंत का तुम्ही?"

"मास्क लावत जा."

"मी लावीन हो. पण जो आपल्या गॅरेजमध्ये इस्त्री घेऊन बसतो तो लावतो का? आणि मेण उतारावर राहतं, बर्फ वितळला की पाण्यात जातं. हे तर कधी नाहीसंच होत नाही म्हणतात."

मी वाचलं होतं. तिच्याआधी वाचलं होतं. म्हणालो, "मग दुसरं काहीतरी शोध. कोणी अडवलंय?"

मी ते सहज म्हणालो. तिने मनावर घेतलं.

वर्षभर ती जेवणाच्या सुट्टीत छोट्या भांड्यात मेणं वितळवत होती. फ्लोरो अजिबात नाही. साधं कृत्रिम मेण, आमच्या करवतीच्या वंगणातला साबणाच्या जातीचा एक पदार्थ, आणि किंचित ग्रॅफाइट. यात नवीन काही नव्हतं, असली मिश्रणं सगळे करतात आणि सगळ्यांची ओल्या बर्फावर चिकटतात. तिने वेगळं केलं ते गार करण्यात. आम्ही साचे पंख्याखाली ठेवायचो, माल लवकर सुटावा म्हणून. ती आपले साचे जुन्या टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवायची, दह्याचं विरजण ठेवावं तसे. दुसऱ्या दिवशी जी वडी निघायची तिचा पोत वेगळाच लागायचा; त्यातलं सगळं एकजीव झालेलं असायचं आणि इस्त्रीखाली पुन्हा वितळलं तरी तसंच राहायचं. पोलिश माणूस विचारायचा, "आज दही कसं लागलं?"

चाचणी मार्चमध्ये झाली, विस्कॉन्सिनच्या उत्तरेला. तिथला बर्फ तोवर ओला, चहात बुडवलेल्या साखरेसारखा झालेला. पद्धत सोपी आहे. सारख्या दोन जोड्या घ्यायच्या, एकीला एक मेण, दुसरीला दुसरं. दोन माणसं उताराच्या वर हात धरून उभी राहतात, एकदम सुटतात, आणि वाकून नुसती घसरत जातात. जो पुढे जाईल त्याचं मेण पुढे. मग दोघे स्की बदलतात आणि पुन्हा. माणूस बदलूनही तीच स्की पुढे गेली तर शंका उरत नाही.

एक अट मात्र असते. स्की कोऱ्या हव्यात. फ्लोरो एकदा तळात शिरलं की घासून, धुऊन, खरवडूनही पुरतं निघत नाही. ज्या स्कीला मागच्या वर्षी फ्लोरो लागलं तिला यंदा खोबरेल लावलं तरी ती जरा पुढेच जाईल. म्हणून तिने आठवड्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं, "काका, दोन्ही जोड्या नव्याच आणा." आणि मी आणल्या. गोदामातून दोन सीलबंद जोड्या काढल्या, स्वतःच्या हाताने त्यांचं प्लास्टिक फाडलं. ती तेव्हा पलीकडे इस्त्री तापवत होती. एका जोडीला मी माझं मेण लावलं, दुसरीला तिने तिचं.

उतारावर तिची जोडी पुढे गेली. स्की बदलल्या, पुन्हा तिची पुढे गेली. फार नाही, हातभर. शर्यतीत हातभर म्हणजे सगळंच असतं. ती खाली उभी होती, बुटात पाणी शिरलेलं. तिसऱ्या वेळी तिने बघितलंच नाही. माझ्याकडे बघत राहिली.

परत येताना म्हणाली, "आईला फोन करू का आत्ता?"

"सोमवारी मालकांना सांगू," मी म्हणालो. "मग कर."

शनिवार-रविवार माझ्या मनात काय चाललं होतं ते मला नीट आठवतं. या मुलीला मी आणलं. हिला केटल मी शिकवली. विहारात मला लोक म्हणायचे की तुम्ही पोरगी घडवली. आणि आता सोमवारी मालक तिच्याकडे ज्या नजरेने बघतील, त्या नजरेने त्यांनी इतकी वर्षं माझ्याकडे बघितलं होतं. नोकरी जाईल अशी भीती नव्हती. मालक तसा माणूस नव्हता. मला फक्त दुसरा व्हायचं नव्हतं. यापेक्षा मोठं कारण शोधून बघितलं, सापडलं नाही.

सोमवारी मालकांच्या खोलीत आम्ही तिघे होतो. चाचणीवाल्यांनी त्यांना निकाल कळवलेला होता. ते खूश होते. त्यांनी तिचं अभिनंदन करायला हात पुढे केला, तेवढ्यात मी म्हणालो, "थांबा. माझ्याकडून चूक झाली आहे."

मी सांगितलं की गोदामातून जोड्या काढताना घाईत एक जोडी मागच्या सीझनची उचलली गेली. नेमकी तिचं मेण लावलेली. त्या जोडीला आधी फ्लोरो लागलेलं होतं. चाचणी बाद धरावी. यात तिचा काही दोष नाही, सगळा दोष माझा.

खोटं बोलणारा माणूस दुसऱ्यावर आळ घेतो असं आपण समजतो. मी स्वतःवर घेतला. त्यामुळे कोणी मला उलट प्रश्नच विचारला नाही. मालकांचा चेहरा पडला, पण माझ्याबद्दलचा आदर वाढलाच. ते तिला म्हणाले, "तुला काय वाटतं? तू तिथे होतीस."

ती माझ्याकडे बघत होती. त्या खोलीत तिच्या जागी कोणीही अमेरिकन मुलगी असती तर म्हणाली असती, दाखवा ती स्की. कोणीही. पण मी तिचा नुसता बॉस नव्हतो, काका होतो. गोऱ्या मालकासमोर काकाला खोटं पाडायचं, हे तिच्या डोक्यात येणंसुद्धा शक्य नव्हतं, आणि हे मला बोलायच्या आधी माहीत होतं. त्या भरवशावरच मी बोललो होतो.

"काका म्हणतात तर तसंच असणार," ती म्हणाली.

संध्याकाळी आम्ही गाडीने परत निघालो. मग तिने हळूच विचारलं, "काका, प्लास्टिकची दोन वेष्टणं कचऱ्यात पाहिल्यासारखी वाटतात मला."

"त्यातलं एक आधीच्या आठवड्याचं असेल."

"हो का." थोड्या वेळाने म्हणाली, "मला वाटलं दोन्ही ताजी आहेत. माझंच लक्ष नसेल."

"होतं असं," मी म्हणालो.

"पुन्हा चाचणी करू या ना?"

"बर्फ संपला गं. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी मी काही ना काही निमित्त काढलं. त्या वर्षी मालकांना शर्यतीवाल्यांची मोठी मागणी आली आणि कोणाला वेळच नव्हता, असं मी सगळ्यांना सांगितलं. तिने साचे टॉवेलात गुंडाळणं थांबवलं. वजन दोनदा करायची, तापमान तीनदा बघायची, आणि तरी मला विचारायची, "काका, तुम्ही एकदा बघता का?" जी मुलगी माझ्या गाडी चालवण्यावर हसायची ती स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवेनाशी झाली. दीड वर्षाने तिने नोकरी सोडली. लग्न होऊन दूर कॅरी नावाच्या गावाला गेली, औषधांच्या कंपनीत कागदपत्रं तपासायच्या कामाला लागली. काम चांगलं आहे. पण तिने पुन्हा कधी काही बनवलं नाही.

चाचणीनंतर लगेचच्या एप्रिलमध्ये, जयंतीला, विहारातर्फे माझा सत्कार झाला होता, तरुणांना पुढे आणल्याबद्दल. शाल घेतली. भाषणही केलं. ती दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

मग काही वर्षांपूर्वी शर्यतींमध्ये फ्लोरोवर बंदी आली. जे ती गाडीत म्हणाली होती तेच आता सगळे म्हणत होते. मधल्या काळात किती गॅरेजमधून तो धूर निघाला, किती झऱ्यांत ते मेण गेलं, त्यातला आमच्या कारखान्याचा वाटा माझा आहे. तो मोजता येत नाही आणि परतही घेता येत नाही.

मालक हवालदिल झाले. मी म्हणालो, "माझ्याकडे एक जुनं मिश्रण आहे." ते तोंडपाठ होतं. बनवलं, टॉवेलात गुंडाळून गार केलं. तेच आजचं आमचं ओल्या बर्फाचं मेण. माझ्याकडे आहे म्हणालो, माझं आहे म्हणालो नाही, असं मी तेव्हापासून स्वतःला सांगत होतो. निवृत्तीच्या दिवशी त्याची एक वडी लाकडी चौकटीत बसवून मला दिली, तेव्हाही मी काही बोललो नाही.

वेबसाइटच्या चार ओळी अडल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडत राहिली.

"तिला माहीत आहे?"

"नाही."

"मग मला काय सांगताय? तिकीट काढा."

मी कॅरीला गेलो. तिने दारातच पाया पडायला वाकून मला घाबरवलं. तिची मुलगी पायऱ्यांवरून म्हणाली, "ओह, आर यू द स्की अंकल?" आणि कानात परत हेडफोन घालून वर गेली. चहा झाला, तिच्या हातची साबुदाण्याची खिचडी झाली. मी विमानात वाक्यं पाठ केली होती. पहिलं वाक्य तोंडात आलं होतं, तेव्हा तिने मुलीच्या अभ्यासाचा विषय काढला.

"तिला मी तुमचंच उदाहरण देते काका. माझी चाचणी चुकली तेव्हा तुम्ही सगळं स्वतःवर घेतलंत. दुसरा असता तर मला तोंडघशी पडू दिलं असतं. मोठा माणूस असा असतो म्हटलं."

मी खिचडी खाल्ली. म्हणालो, मीठ छान आहे. दुसऱ्या दिवशी परत आलो.

विमानतळावर घ्यायला आलेल्या बायकोने माझा चेहरा बघितला आणि घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. ते मला कधी नव्हे इतकं लागलं. मी ठरवलं, समोर बसून जमत नसेल तर फोनवर, पण आता मागे हटायचं नाही. आधी मालकांच्या मुलीला फोन केला. सांगितलं की मेण माझं नाही, कोणाचं आहे ते सांगितलं, आणि ती चाचणी मी कशी बुडवली तेही. तिने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, "तिचं नाव घालायचं तर तिची परवानगी लागेल." मी म्हणालो, ती मागायच्या आधी मला तिच्याशी बोलू दे.

त्याच दुपारी कॅरीला फोन लावला.

"काका, नीट पोचलात ना? काकू काय म्हणतात?"

"बस जरा," मी म्हणालो. "मी बोलतो ते ऐक आणि मधे बोलू नकोस. त्या चाचणीच्या दोन्ही जोड्या नव्या होत्या. मी स्वतः त्यांचं प्लास्टिक फाडलं होतं. तुझं मेण जिंकलं होतं."

तिकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"मालकांना सांगितलं तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"आणि गाडीत? मी वेष्टणांचं विचारलं तेव्हा?"

"तेव्हाही."

मग मी चूक केली. गप्प बसून माफी मागायची ती सोडून कारणं सांगू लागलो. मालक, विहार, लोक काय म्हणायचे, माझं वय. मी बोलत राहिलो. मी थांबलो तेव्हा ती अगदी शांतपणे म्हणाली, "मला दोन्ही दिसली होती. ठेवते मी."

त्यानंतर तिने माझा फोन उचललेला नाही. कंपनीला परवानगी दिली, सरळ त्यांनाच कळवून. वेबसाइटवर आता तिचं नाव आहे आणि माझं नाही. मी इथे ते लिहीत नाही, कारण ते मला वापरायची परवानगी तिने दिलेली नाही. मी दर रविवारी एकदा फोन करतो. वाजतो आणि थांबतो. बायको म्हणते, किती दिवस करणार. मी म्हणतो, जमेल तितके. उचलला तर यावेळी कारणं सांगणार नाही. जे सांगायचं आहे ते थोडं आहे.

दोन्ही स्की नव्या होत्या. तू जे पाहिलंस ते खरं होतं, आणि तू चुकीचं पाहिलंस असं मी तुला पटवलं, कारण तुझ्यापुढे मला लहान व्हायचं नव्हतं. तुझं मेण घेतलं ते मी परत केलं आहे. तुझी वर्षं घेतली ती परत करता येत नाहीत. माझं चुकलं. मला माफ कर.